रुईच्या पानाखालचे मणी

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर चौदा फुलपाखरं रंगवलेली आहेत. त्यांचे रंग मी निवडून दिले. त्या भिंतीमुळे आम्हाला वॉर्डातल्या स्वच्छ सोसायटी स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं, आणि बक्षीस घेतानाचा फोटो खाली लॉबीत लेटरबॉक्सच्या वर टांगला आहे. त्यात डावीकडून दुसरा, हसणारा माणूस म्हणजे मी. सकाळी दूध घेऊन आलो की त्या फोटोकडे पाठ करून मी लिफ्टची वाट बघतो.

तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मी तीस वर्षं शेड जुळवली. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन यायचं, फरशीचा कपचा घेऊन यायचं, एकाने तर वाळलेलं पिंपळपान आणलं होतं, आणि म्हणायचं, हा रंग द्या. थेंबभर पिवळा कमी, किंचित काळा जास्त, एवढ्यावर माझा संसार चालला. डोळ्यांना ती खोड अशी लागली की बायकोच्या साडीशी ब्लाउज जुळत नाही हे मी लग्नाच्या मांडवात सांगायचो आणि त्याचे परिणाम घरी आल्यावर भोगायचो.

निवृत्त झालो आणि बघायला काही उरलं नाही. रिकामा माणूस दिसला की सोसायटी त्याला सेक्रेटरी करते, तसं मलाही केलं. डॉक्टरांनी जिने उतरायला सांगितलं म्हणून सकाळी साडेसहाला सातव्या मजल्यावरून खाली पायी जायला लागलो. प्रत्येक मजल्यावर एक ट्यूबलाइट, आणि तिच्या आजूबाजूला भिंतीला काहीतरी चिकटलेलं. पहिले काही दिवस मला वाटलं, रंगाचे पोपडे आलेत, कॉन्ट्रॅक्टरला झापायला हवं. चष्मा लावून जवळ गेलो तर ते पतंग होते. दिव्यावर आलेले आणि उजाडल्यावर तिथेच बसून राहिलेले.

तपकिरी रंगाची मला बरीच माहिती आहे असा माझा समज होता. आमच्या शेडकार्डावर तपकिरीचे दोन पानं भरून चौकोन होते. त्या जिन्यात एका आठवड्यात मला जे तपकिरी दिसले त्यातला एकही माझ्याकडे नव्हता. एक वाळक्या बांबूच्या पानासारखा, शिरा आणि चिरांसकट. एक राखाडीकडे झुकणारा, त्यावर कोणीतरी पेन्सिलीने नागमोडी रेघा ओढाव्यात तसा. तपकिरीखेरीज एक पांढरा, पण पांढऱ्यात सायीचा पिवळा. आणि एके दिवशी चौथ्या मजल्यावर, मीटरच्या पेटीवर, हाताच्या अर्ध्या पंजाएवढा हिरवा पतंग, अंगावर गुलाबी आणि करड्या लाटा. मी तिथे वीस मिनिटं उभा होतो. खाली गेटजवळ कुंपणाला जी तगर लावली आहे तिच्यावर याच्या अळ्या वाढतात, हे मला नंतर कळलं. त्याच तगरीवर दर महिन्याला फवारणी करण्याच्या कागदावर माझीच सही असायची.

सात वाजता जिन्यात झाडू फिरायचा. त्याआधी मी फोटो काढून घ्यायचो आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचो, वर लिहायचो ‘आजची पाकोळी’. लोक अंगठे पाठवायचे, हात जोडायचे. कोणीतरी ‘सर’ म्हणायला लागलं. माझं नाव ‘पतंगवाले काका’ पडलं आणि मला ते आवडायचं. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या डब्यात रंग भरले, माझ्या नावाने कोणी काही ओळखत नव्हतं. हे सांगून मी स्वतःला माफ करतो आहे असं समजू नका. पुढे जे झालं ते या कौतुकाच्या लोभापायीच झालं.

सोसायटीच्या मागे, कंपाउंडची भिंत आणि नाला यांच्यामध्ये, एक लांबट पट्टा होता. तो कोणाच्या तरी नकाशावर असेल, पण लक्ष कोणाचंच नव्हतं. घाणेरी, एरंड, एक वेडीवाकडी बोर, आणि मधोमध माझ्या छातीपर्यंत वाढलेली रुईची झाडं. फुलपाखरांच्या शोधात मी मागच्या फाटकाने तिकडे जायला लागलो. तिथेच एका शुक्रवारी दुपारी मला मावशी भेटल्या.

त्यांना मी आधीपासून ओळखत होतो. सारसोळ्याच्या बाजूला एक छोटं मारुतीचं देऊळ आहे, त्याच्या पायरीपाशी दर शनिवारी त्या रुईच्या पानांचे हार घेऊन बसतात. माझी साडेसाती बायकोने फार मनावर घेतली होती, त्यामुळे दर शनिवारी त्यांच्याकडून एक हार मी घेतच होतो. तो हार कुठून येतो हा विचार मात्र कधी डोक्यात आला नव्हता. साठीच्या पुढच्या, खारवलेल्या काळ्या हाताच्या, कमरेला साडी खोचलेल्या. त्या दुपारी उजव्या हाताला फडकं गुंडाळून, चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून मान बाजूला करून पान खुडत होत्या. पण खुडण्याआधी प्रत्येक पान त्या उलटं करून बघायच्या. काही पानं बघून तशीच सोडून द्यायच्या, आणि ती चांगली, मोठी, न फाटलेली पानं होती.

मी म्हटलं, “मावशी, ही का सोडताय?”

“इकरं या, बगा,” त्यांनी एक पान उलटं धरलं. पांढुरक्या लवेवर खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी चिकटलेलं होतं. “अंडा हाय. याचा किरा होनार, किऱ्याची पाकोली होनार. मारुतीला काय, बाकीची पाना हायत.”

त्यांच्या सासूने त्यांना हे काम लावून देताना एकच गोष्ट सांगितली होती, पान परतून बघितल्याशिवाय तोडायचं नाही. देवाच्या गळ्यात कोणाचं पोर जायला नको. हे त्यांनी मला अशा आवाजात सांगितलं, ज्या आवाजात आपण डाळ निवडून घ्यायला सांगतो. मग त्यांनी मला पुढच्या झाडावर अळ्या दाखवल्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, मधून पिवळे ठिपके, रुईचा तो विषारी पाला निवांत खात बसलेल्या. आणि एका पानाखाली लोंबणारा कोष दाखवला. फिका हिरवा, चकचकीत, वरच्या बाजूला सोनेरी टिकल्यांची ओळ. सोनेरी रंग मी डब्यात बनवायचो तेव्हा त्यात धातूची भुकटी घालायचो. इथे काहीच घातलेलं नव्हतं.

“आमची सासू याला मनी म्हनायची,” मावशी म्हणाल्या. “आठ-धा दिसांनी फुटतो.”

त्यातून केशरी पंखांचं, काळ्या काठाचं, टोकाशी पांढरे ठिपके असलेलं फुलपाखरू निघतं. ते मी शंभर वेळा पाहिलं होतं, त्याचं ‘प्लेन टायगर’ हे इंग्रजी नावही पाठ होतं. ते कुठून येतं हे मला एका हार विकणाऱ्या बाईने शिकवलं. त्या संध्याकाळी मी ग्रुपवर कोषाचा फोटो टाकला आणि लिहिलं, ‘माझ्या निरीक्षणानुसार ही मादी अंडी फक्त रुईवरच घालते. मध तिला कुठल्याही फुलातला चालतो, पण पिल्लांसाठी रुई नसेल तर पुढची पिढी नाही.’ चाळीस अंगठे आले. मावशींचा उल्लेख त्यात कुठेही नव्हता. बायकोने वाचलं आणि म्हणाली, “तुमच्या निरीक्षणानुसार?” मी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यानंतर शुक्रवारी दुपारी मी मुद्दाम खाली जायचो. मावशी पानं खुडायच्या, मी फोटो काढायचो. बोलता बोलता त्यांनी त्यांची रुई कुठे कुठे होती ते सांगितलं. “आदी मिठागराच्या बांधावं रुईच रुई व्हती. तिथं बिल्डिंगी जाल्या. मंग खारीच्या कडेला जायचंव, तिथं रस्ता जाला. बहीन खांदेश्वरला दिलेली, तिच्याकरं जायचंव, तिथं पन पत्रं ठोकलं. आता ह्यो तुमच्या भिंतीमागचा तुकरा हाय बगा.” यात तक्रार नव्हती. मी मात्र मनातल्या मनात प्रत्येक ठिकाणी किती अंडी असतील त्याचा हिशोब करत राहिलो आणि तो जमेना.

मार्चच्या शेवटी स्पर्धेची नोटीस आली. आमच्या चेअरमनचं वय माझ्या मुलाएवढं, उत्साही माणूस, वाईट मुळीच नाही. त्याने मीटिंग घेतली. मागचा जंगलपट्टा खराब दिसतो, साप निघतो, डास होतात, तळमजल्यावरच्या एका मुलीला केसाळ अळी लागून हात सुजला होता. तर तो पट्टा साफ करायचा, भिंत रंगवायची, नर्सरीतून फुलांच्या कुंड्या आणायच्या. “आणि थीम काकांची. फुलपाखरू उद्यान! काका आपले एक्स्पर्ट आहेत.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला बोलता आलं असतं. ती केसाळ अळी शेवग्यावरची होती, रुईवरची नव्हती, हे मला ठाऊक होतं. कुंडीतल्या विलायती फुलांवर कोणी अंडं घालणार नाही हे तर मी स्वतः लिहिलं होतं. पण टाळ्या वाजल्या होत्या. मी उठून म्हणालो, रंगांची जबाबदारी माझी.

पुढच्या शुक्रवारी मी मावशींना सांगितलं, कारण सांगणं भाग होतं. त्यांनी हातातलं पान परतून बघितलं आणि खुडलं. मग म्हणाल्या, “करा बाबा, तुमची जागा. पन हनुमान जयंतीपातूर थांबा. अकरा दिस हायत. वरसाच्या धंद्याचा दिस हाय माझा, हाराला पाना लागतील. आनि ह्ये सगले मनी पन तवर फुटून जातील.”

झाडांवर त्या वेळी मी मोजलेले सव्वीस कोष होते. अळ्या तर अजून खातच होत्या. माझं मन एकदम भरून आलं आणि मी म्हणालो, “मावशी, मी सेक्रेटरी आहे. हनुमान जयंतीपर्यंत इथल्या पानाला कोणी हात लावणार नाही. शब्द देतो.”

त्यांनी हसून मान डोलावली. माझा शब्द त्यांनी लगेच खरा मानला. मी सोसायटीवाला माणूस होतो, शिकलेला, पाकोळीचे फोटो काढणारा.

बुधवारी चेअरमनचा फोन आला. तपासणी अलीकडे आली होती, येत्या सोमवारी. “काका, शेजारच्या साइटवर जेसीबी आलाय, उद्या सकाळी तासाभरात करून देतो म्हणतोय. पेंटर शुक्रवारपासून. टेन्शन नका घेऊ, फक्त हो म्हणा.” हनुमान जयंती तिच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी होती. तपासणी आणि जयंती यांच्यात एका दिवसाचं अंतर. मी म्हणू शकलो असतो की अर्धाच पट्टा साफ करा. रुईभोवती दोरी बांधा. तपासणीला येणाऱ्यांना तेच कोष दाखवू, पहिलं बक्षीस मिळेल. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी सुचलं. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की आपण आडमुठे दिसू. मी म्हणालो, “करून टाका.”

बायको बाजूलाच भाजी निवडत होती. “त्या बाईंना कळवलंत?”

“कळवतो.”

देऊळ आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. त्यांचं घर देवळामागच्या आळीत, कोणालाही विचारलं असतं तरी दाखवलं असतं. निदान निरोप दिला असता तर त्यांनी येऊन पानं तरी खुडून नेली असती. मी गेलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि ती लाज लपवायला मी घरात बसून रंगांची यादी केली. गुरुवारी सकाळी जेसीबीचा आवाज आला तेव्हा धूळ येते म्हणून बेडरूमची खिडकी मीच लावली.

शुक्रवारी पेंटर आले. मी त्यांना प्रत्येक पंखाचा रंग डब्यात मिसळून दिला. त्या केशरी फुलपाखराची शेड जुळवायला मला दीड तास लागला, आणि जुळली तेव्हा मला आनंद झाला, हेही लिहून टाकतो.

दुपारी इंटरकॉम वाजला. वॉचमन होता. “साहेब, ती रुईच्या पानांवाली बाई आलीय. तुमाला विचारतेय, हायत का म्हणून.”

मी म्हणालो, “नाही म्हण. गावाला गेलेत म्हण.”

फोन ठेवला आणि मागच्या खिडकीत, पडद्याआड जाऊन उभा राहिलो. पट्टा सपाट, तांबड्या मातीचा झाला होता. एका टोकाला उपटलेल्या झाडांचा ढीग. मावशी थोडा वेळ नुसत्या उभ्या होत्या. मग ढिगापाशी उकिडव्या बसल्या आणि एकेक फांदी ओढून काढायला लागल्या. पानं माना टाकलेली, मातीने माखलेली. तरी त्या प्रत्येक पान उलटं करून बघत होत्या. काही डहाळ्या वेगळ्या काढून पदरावर ठेवत होत्या. हे तासभर चाललं असेल. मी सातव्या मजल्यावर उभा होतो आणि मला खाली जायला लिफ्टने एक मिनिट लागलं असतं.

सोमवारी तपासणी झाली. मी पाहुण्यांना भिंतीपाशी उभं करून फुलपाखरांचं जीवनचक्र समजावून सांगितलं. एका बाईंनी विचारलं, “इथे खरी येतात का?” मी म्हणालो, “खूप.”

मंगळवारी हनुमान जयंती. जायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण बायको तयार होऊन दारात उभी राहिली. देवळापाशी रांग होती. मावशी नेहमीच्या जागी होत्या. समोर झेंडूच्या माळा, बाजारातून आणलेल्या, आणि बाजूला रुईचे मोजके चार-पाच हार. त्यांच्या छत्रीच्या काडीला दोऱ्याने डहाळ्या बांधल्या होत्या आणि त्यांना कोष लोंबत होते. मी न मोजता मोजले. नऊ.

मला बघून त्यांचा चेहरा उजळला. “आलंव गावावरना?”

मी खिशात पैसे चाचपायला लागलो.

“तुमी गेलंव आनि त्यांनी डाव साधला बगा,” त्या म्हणाल्या. “मी तिथंच म्हटला, साहेब असतं तर ह्या होऊ दिला नसता. शब्द दिलेला व्हता त्यांनी.” मग शेजारी बसलेल्या नारळवाल्याला सांगितलं, “ह्येच ते साहेब. गावाला गेल्ते बिचारे.”

बायको माझ्या उजव्या बाजूला उभी होती. मी म्हणालो, “हो. अचानक जावं लागलं.”

मावशींनी एक डहाळी सोडून माझ्या हातात दिली. दोन कोष होते तिला. “ह्ये तुमच्याकरं ठेवा. माझ्या घरात मांजर हाय.”

आम्ही घरी परतलो. दाराला किल्ली लावताना बायको म्हणाली, “कुठल्या गावाला?” गावचं घर विकून आम्हाला अठरा वर्षं झाली आहेत.

डहाळी मी बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधली. एक कोष काळा पडून वाळला. दुसरा शुक्रवारी सकाळी पारदर्शक झाला, आतले घडी घातलेले केशरी पंख दिसायला लागले, आणि चहा निवायच्या आत फुलपाखरू बाहेर आलं. ओले चुरगळलेले पंख घेऊन तासभर लटकून होतं. मी सवयीने शेडकार्ड आणून पंखांशेजारी धरलं. भिंतीवरच्या रंगात लाल जास्त झाला होता. दीड तास खपून मी चुकीचा रंग दिला होता, आणि तो मला जुळल्यासारखा वाटला होता. फोटो काढला नाही. ते उडून खाली, मागच्या बाजूला गेलं, कुंड्यांवरून दोनदा फिरलं, सपाट मातीवरून फिरलं आणि नाल्यापलीकडे गेलं.

शनिवारी मी ठरवून एकटा देवळात गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. मावशी, मी गावाला गेलो नव्हतो, मी घरात होतो, ‘करून टाका’ असं मीच म्हटलं होतं. एवढंच. पाच सेकंदांचं काम.

मावशी कुठूनतरी लांबून आणलेल्या पानांचा हार ओवत होत्या. ओवताना पान उलटं करून बघत होत्या. मी समोर उभा राहिलो. त्यांनी नेहमीचा हार उचलून माझ्या हातात दिला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, “साहेब, एक सांगू? नाल्याच्या पल्यार थोरी रुई हाय, मी बगून आलंय. तिथं बी अंडी हायत. पुढच्या टायमाला गावाला जाल तवा मना आदी सांगून जावा. तुमी नसलंव की मी लक्ष ठेवीन.”

मी म्हणालो, “सांगून जाईन.”